सगळ्यांना एक गुण

दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गणित स्पर्धेचे पेपर तपासायला मी कट्टा गावी गेले होते. मुलं सातवीची, तपासणारे आम्ही पाच शिक्षक. शेवटचा प्रश्न होता : १४३४५५४३४१ ही मूळ संख्या आहे का? कारण लिहा. आमच्या हातातल्या छापील उत्तरात होतं, ‘आहे. कारण २, ३, ५, ७ ने भाग जात नाही.’

वीस-पंचवीस पेपर मी तसेच तपासून टाकले, हे आधी कबूल करते. मग एक पेपर आला. त्यावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक.

‘मूळ नाही. संख्या उलटी वाचली तरी तीच आहे आणि अंक दहा आहेत. म्हणून विषम जागेवरच्या प्रत्येक अंकाचा जोडीदार सम जागेवर येतो. दोन्हीकडची बेरीज सारखीच होणार, इथे १७ आणि १७. म्हणून ११ ने भाग जातो. अंकांची संख्या सम असलेल्या अशा सगळ्याच संख्यांना जाईल. फक्त ११ स्वतः मूळ आहे.’

मी मागच्या कोऱ्या कागदावर भागाकार केला. बाकी शून्य. भागाकार १३०४१४०३१, तोही दोन्हीकडून सारखाच! बावीस वर्षं मी ११ ची कसोटी शिकवतेय, पण हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पेपर घेऊन मी तपासणीच्या प्रमुखांकडे गेले. त्यांनी तो वाचलाही नाही.

“मॅडम, छापलेल्या उत्तराप्रमाणे गुण द्या.”

“सर, छापलेलं उत्तर चूक आहे.”

“तज्ज्ञांनी काढलंय ते. तुम्ही तज्ज्ञ आहात का?”

“भागाकार तरी करून बघा!”

“आता वेळ नाही.”

माझे कान तापले. दहा अंकांच्या भागाकाराला किती वेळ लागतो? शेजारच्या वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, “गो बाय, एका मार्काक इतक्या कित्याक तापतंस?”

“मार्काचा नाय ओ बाय,” मी ओरडलेच, “ज्यान डोक्या चालवल्यान, तेकाच आपण शून्य देतो!”

मी पूर्ण गुण दिले, आधीचे सगळे पेपर परत काढून दुरुस्त केले आणि तक्रार लिहून दिली. दुपारी प्रमुखांनी माझा गठ्ठा काढून घेतला. “चहा घ्या आणि निघा,” म्हणाले. चहा मी घेतला नाही.

पंधरा दिवसांनी आयोजकांचं पत्र आलं : ‘सदर प्रश्न रद्द. सर्वांना एक गुण.’

सर्वांना! ज्यांनी जागा कोरी सोडली त्यांनाही, आणि त्या पोरालाही. पोर की पोरगी, मसुऱ्याची की मालवणची, मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, नावं गोपनीय असतात. तू बरोबर होतास किंवा होतीस, एवढं एक वाक्य त्या मुलाला कुणी लिहिलं नाही. मला लिहायचं होतं, पण पत्ता नव्हता.

पुढच्या वर्षी मला तपासणीला बोलावलं नाही.