चिमणीच्या पायाचा शिक्का

पनवेलच्या डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हटलं, त्याचा अर्थ न कळण्याइतकं खुळं आमच्या घरात कोणी नव्हतं. आईसुद्धा नाही. दहिवलीला आणून तिला पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाटेवर निजवलं. दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, "दिवसभर अशी माज्या तोंडाकडं बघत बसणार हायस काय? कायतरी काम कर." मी शाळेत चित्रकला शिकवते. रजा टाकलेली होती आणि दुसरं काही मला येत नाही. म्हणून वही करायला बसले.

वही म्हणजे तळहाताएवढी. कव्हराला सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर आईच्या विटक्या साडीचा काठ. आत मिळेल तो कागद: ड्रॉइंग पेपरचे तुकडे, खाकी कागद, जुन्या कॅलेंडरची पानं. दाभणानं भोकं पाडून शिवली. चिकटवायला तांदळाची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर कसर लागते. पाऊस असा लागून राहिलेला की कपाटातले कपडे आंबत होते, तिथं खळ कुठली वाळायला. एकेक पान इस्त्रीखाली धरावं लागे आणि खोलीभर शिजल्या भाताचा वास सुटे. आईला त्या वासानं मळमळायचं. तरी बंद कर म्हणाली नाही.

शिक्के मी खोडरबरावर ब्लेडनं कोरत होते आणि तिच्याच औषधांच्या बाटल्यांच्या झाकणांना चिकटवत होते, म्हणजे तिला धरता येत. भाताची लोंबी, विळा, चूल. भेंडी आडवी कापली की फूल आयतंच. शिक्का पॅडवर टेकवून ती पानावर दाबायची. हात थरथरला की एकाचे दोन उमटायचे. "जुळं झालं बघ," म्हणायची.

बाबा चौकटीला टेकून बघायचे. आत यायचे नाहीत. आजारी माणसाच्या खोलीत पुरुषानं काय करायचं असतं, ते त्यांना आयुष्यात कधी कळलं नाही.

"काय गं, तलाठी हापिस उघडलंत काय दोघींनी? सकाळपास्नं शिक्के मारताय."

"या, तुमाला पण मारते एक. कपाळावर," आई म्हणाली. ते हसले आणि गोठ्याकडं गेले.

चिमणीचा पाय तिनंच सांगितला. कळंबवरून लग्न होऊन आली तेव्हापासून ती मोरीच्या कट्ट्यावर उरलीसुरली शितं टाकायची आणि चिमण्या यायच्या. खाटेवरून उठणं बंद झालं तसं तेही राहिलं. मी शिक्का कोरून दिला. तिनं पानाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पावलं चालवली आणि दमून शिक्का मुठीत धरूनच झोपली. वहीतलं ते शेवटचं पान.

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी मी पाणी तापवायला गेले होते, बाबा गोठ्यात होते, माझा भाऊ आणि त्याची बायको शेतावर. जवळ कोणीच नव्हतं. लोक सांगतात, सगळी उठून गेल्याशिवाय काही माणसांचा जीव निघत नाही. असेल. पण मला तिचा राग आला. एवढे दिवस बसले होते, पाच मिनिटं थांबली नाही.

बाबांचं जेवण तुटलं. रुसून वगैरे नाही. ताटावर बसायचे, भात चिवडायचे, उठायचे. कोणी काही विचारलं की एकच बोलायचे, "ती कुठं गेली तेवढं कळू दे." खालापूरची आत्या दिवसांसाठी येऊन राहिली होती. जेवत नाहीत म्हणून ती बाबांना रागवायची, मग मोरीत जाऊन रडायची.

आमच्याकडं दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, माणूस जिथं गेलं त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची. पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला ते माणूस गेलं. गाय म्हणा, पाखरू म्हणा, माणसाचं बाळ म्हणा.

"उद्या पाऊल दिसलं की जेवंल तो," आत्या टोपली घालताना म्हणाली.

"आणि नाही दिसलं तर?"

"असं बोलू नये गं बाय."

मी असलं काही मानत नाही. पण बाबांच्या गळ्याची हाडं वर आली होती, ती दिसत होती. आडवी झाले तरी डोक्यात तेच. शिक्क्यांचा डबा कपाटात आहे, एक दाबला की काम झालं. लगेच स्वतःचीच शिसारी आली. आईच्या नावानं बनवाबनवी, तीही दहाव्याला? नाही म्हणजे नाही. पण उजाडता उजाडता बाबांचं खोकणं ऐकलं आणि माझी तत्त्वं गेली चुलीत. उठून डबा उघडला. लोंबी होती, विळा होता, चूल होती. चिमणीचा पाय नव्हता.

पुढच्या खोलीत बाबा उकिडवे बसले होते. टोपली बाजूला केलेली. पिठावर मधोमध चिमणीचं पाऊल, स्वच्छ, माझ्या हातचं. त्यांच्या बोटांना पीठ लागलं होतं.

"बाबा, हे काय करताय?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "काय नाय उमटलं गं. टोपली उचलली, साफ पीठ."

"मग हे कशाला?"

"तुज्यासाठी. तू रडली नायस आजून. म्हटलं, दिसलं की सुटशील."

"मी हे मानत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मी मानतो," ते म्हणाले.

"मग तुमचं काय?"

"मला दिसलं ना, दिसायचं ते."

मी पुसायला हात पुढं केला, तोवर आत्या उठून आली. पिठाकडं बघितलं आणि मटकन खाली बसली. "चिमणी झाली माजी वयनी," म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. माझा भाऊ आला, त्यानं पिठापुढं डोकं टेकलं. शेजारच्या बाया आल्या. शितं टाकायची ना ती चिमण्यांना, त्यांच्यातच गेली, असं एकीनं म्हटलं आणि सगळ्यांना पटलं. इतकं पटलं की मला त्यांचा हेवा वाटला. बाबांनी शिक्का मुठीत झाकला होता. तो त्यांनी परत दिला नाही आणि मी मागितला नाही.

दहाव्याचं आटोपल्यावर सगळ्यांनी मिळून त्यांना ताटावर बसवलं. आता जेवले नसते तर लोकांनी विचारलं असतं. ते जेवले. घास पाण्याबरोबर ढकलत होते. मी समोर वाढायला बसले होते, आणि तिथं माझे डोळे जे गळायला लागले ते थांबेनात.

"रडू द्या तिला," आत्या म्हणाली. "आता मोकळी होईल."

हल्ली मोरीच्या कट्ट्यावर चिमणी बसली की भावाची बायको हातातलं काम टाकून शितं घेऊन जाते, तिच्याशी बोलते, घरातलं सगळं सांगते. आत्याचा फोन आला की पहिली चौकशी चिमणीची. बाबा तिकडं बघत नाहीत, मीही बघत नाही. आई कुठं आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आम्हा दोघांना सोडून.