ओंकार उचलत नव्हता

अन्याय ओंकारवर झाला. बारावीची पूर्वपरीक्षा संपली त्या शनिवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, कराडात, आमच्या शाळेसमोरच्या मार्टमध्ये. त्याचा चेहरा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिलाय. माणूस कुणीच पाहिला नाही, म्हणून लिहिते.

ओंकार विट्याकडचा, कराडात आत्याकडे राहून शिकणारा. कुठूनही उठताना तो हात झाडायचा आणि दोन्ही तळवे समोर उघडे धरायचा. बाकावरून उठला तरी, वडापाव खाऊन उठला तरी. "झाली का झडती?" आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "मामाच्या दुकानातली सवय हाय. तिथं हात झाडल्याबिगर उठायचं न्हाई." मामाचं मदुराईत सोनं गाळायचं दुकान. तिथं जमिनीवरची धूळसुद्धा जपून ठेवतात, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. ओंकारची प्रत्येक सुट्टी तिथंच जायची. बारावीनंतर तो कायमचा जाणार होता.

आणखी एक. तो सबब सांगायचा नाही. वर्गातल्या निखिलने आणि त्याच्या टोळीने मार्टमधून वस्तू ढापायचा खेळ काढला होता. ढापली नाही तो आपल्यातला नाही. बाकीची पोरं पोट दुखतंय, आई वाट बघतेय म्हणून सटकायची. ओंकार नुसतं म्हणायचा, "नको. मला न्हाई करायचं." म्हणूनच टोळीची खुन्नस त्याच्यावर.

त्या शनिवारी मी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. पोरं मार्टमधून बाहेर आली, पेन घ्यायला गेलेला ओंकारही त्यांच्यात. निखिल खिदळत होता.

"काय रं, सोन्यात हात घालणार तू, आणि एका डिओला टरकतोस? बघ सॅकमधी. झालास का न्हाई आमच्यातला!"

ओंकारने सॅक उघडली. आत डिओची बाटली. निखिलनेच सरकवलेली.

"ठेवून येतो," ओंकार म्हणाला.

"येडा हायस काय? आत्ता गेलास तर घावशील."

"माझं न्हाई ते."

मी म्हटलं, "अरे, काउंटरवर सांग तरी, कुणी टाकलं ते."

"निखिलचा बा लय मारतो गं," तो म्हणाला आणि आत गेला.

अंधार पडायच्या आत मार्टच्या मालकाने कॅमेऱ्यातली क्लिप स्टेटसला लावली, 'चोर ओळखा' म्हणून. फळीजवळ ओंकार, हातात डिओ. बस, एवढीच.

सोमवारी मी आमच्या बाईंना घेऊन मालकाकडे गेले. सगळं चित्रण दाखवायला लावलं. ओंकार सॅकमधून बाटली काढतो, फळीवर ठेवतो, हात झाडतो, तळवे उघडतो. समोर कुणी नाही, तरी उघडतो. मालकाने मागचं-पुढचं कापून मधलं तेवढं जगाला दाखवलं होतं!

"काढतो की स्टेटस," तो म्हणाला. "पोरांना जरा जरब बसावी म्हणून टाकलं." एका पोराला गावभर चोर ठरवायचं आणि त्याला जरब म्हणायचं. निखिलचं उत्तर याहून भारी: "मस्करी होती गं."

विट्याकडची माणसं सोन्याच्या कामाला देशभर पांगलेली. क्लिप ओंकारच्या आधी मदुराईत पोचली. मामाने फोनवर सांगितलं ते ओंकारनेच मला ऐकवलं. "तू न्हाई केलंस, मी मानतो रं. पण आजूबाजूची समदी दुकानं आपल्याकडच्यांची. त्यांनी बघितलीया ती. सोन्याचा धंदा इश्वासावर चालतो. तू नको येऊ."

बोर्डाची परीक्षा संपल्यावर त्याला सोडायला मी स्टँडवर गेले. विट्याची गाडी लागली. तो उठला, सवयीने हात झाडले. तळवे मात्र उघडले नाहीत. हात खिशात घातले आणि गाडीत चढला.

ती क्लिप अजून तुमच्या मोबाइलमध्ये असेल. नुसती पुसून भागणार नाही. ज्या ज्या ग्रुपवर पुढं ढकललीत, त्या प्रत्येक ग्रुपवर आजच्या आज, स्वतःच्या नावाने लिहा: ओंकार डिओ उचलत नव्हता. परत ठेवत होता.