बाटलीतली सुरंगी

लग्न होऊन मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या या घरात आले, तेव्हा माझ्या सासूने, म्हणजे आमच्या मायने, मला सगळ्यात आधी मासळी हुंगायला शिकवली. कल्ले लाल दिसले तरी भुलायचं नाही, नाक सांगेल ते खरं, असं तिचं म्हणणं. म्हणूनच एका लांबलेल्या तापातून उठल्यावर तिला कसलाच वास येईनासा झाला, तेव्हा तिचं स्वयंपाकघरातलं लक्षच उडालं. बांगड्याच्या तिखल्यातल्या तिरफळांचा घमघमाट घरभर सुटलेला असायचा आणि ती टोपाशी उभी राहून विचारायची, "तिरफळा घातलंस काय गो?" हळूहळू रांधणं माझ्याकडे आलं. वास परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण महिने गेले.

गोव्यात नोकरी करणाऱ्या माझ्या नणंदेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून मायनेच आम्हाला सांगू दिलं नव्हतं. नाताळात नणंद आली ती मायसाठी सेंटची निळसर बाटली घेऊन. समुद्राच्या वासाचं सेंट, म्हणाली.

"समुद्र दारात आसा," माय म्हणाली. "तेचो वास बाटलेत कित्याक होयो?"

"लावन तरी बघ."

मायने मनगटावर फवारा मारला, मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले. "बरो आसा," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

लेकीने दिलेलं म्हणून दर रविवारी चर्चला जाताना माय ते लावू लागली. किती लावलं हे तिला कळायला मार्ग नव्हता. गळ्याला, पदराला, रुमालाला, पुन्हा गळ्याला. मागच्या बाकावरची मंडळी खोकायची. "तू सांग तिला," नवरा म्हणायचा. "तुझी आई, तूच सांग," मी म्हणायचे. कुणीच सांगितलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मायने सेंट लवकरच लावलं होतं. तयार होताना ती मध्येच थांबली.

"तू वळेसर माळलंस काय गो?"

सुरंगीच्या गजऱ्याला आमच्याकडे वळेसर म्हणतात. हंगाम होता, पण मी माळला नव्हता. मायने माझे केस हुंगले, खिडकीशी गेली, परत आली. मग स्वतःचं मनगट नाकाशी धरलं.

"हेच्यात सुरंगी आसा," ती अगदी हळू म्हणाली.

मी तिचा हात नाकाशी नेला. बाटली उघडल्यावर येणारा तो गार, पाणेरी वास आम्हाला पाठ होता. तो विरल्यावर खाली काय उरतं, ते जवळ जाऊन कुणी हुंगलंच नव्हतं. ऊन लागलेल्या सुरंगीसारखा उबदार, मधाळ वास होता तो.

माय पलंगावर बसली. डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "आणि मी दर रविवारी इतक्या मारी होतंय? माका कोणी सांगूक कसा नाय?"

"तुका आवडता म्हणान, माय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की प्रार्थनेला उशीर झाला.

बाकीचे वास एकदम आले नाहीत. आधी कॉफी आली, मग साबण. मासळीने बरीच वाट बघायला लावली. पण त्या रविवारी संध्याकाळीच मायने लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, ताप, गेलेला वास, नाताळातलं ते खोटं "बरो आसा" सुद्धा. पलीकडे नणंद रडू लागली. मायने तिला रडू दिलं.

"जेवलंस काय गो, चेडवा?" मायने थोड्या वेळाने लेकीला विचारलं.