ग्वांगझूची संकष्टी

नवसाचं एक असतं हं, तो फिटायच्या आधीच त्याचे किस्से साठायला लागतात! आम्ही राहतो आखातात; इथल्या खलिफा सिटीच्या भजनाच्या ग्रुपात गेले की कुणीतरी म्हणतंच, "मेधाताई, चीनचं सांगा ना!" म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मागच्या वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. चालायला लागल्या, बोलायला लागल्या, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. एका मोदकाला एकवीस कळ्या पाडणारा हात तो! मी बाप्पाला बोलले, "या हातून एक मोदक वळून घे. तोवर दर संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत अन्न घेणार नाही."

मग यांचं टाइल्सचं काम ग्वांगझूला निघालं. हे, सासूबाई, तेरा वर्षांची आमची लेक ईरा आणि मी, चौघंही गेलो. फिरायला मोकळा दिवस मिळाला एकच. तो नेमका संकष्टीचा!

"खाण्याच्या गावात उपास!" हे म्हणाले. "बाप्पानं पेपर फारच कठीण काढला गं!"

* * *

सकाळी टॅक्सी. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला चिनी. सिग्नल सुटला तरी गाडी हलेना, तेव्हा आखातातल्या सवयीनं यांच्या तोंडून निघालं, "यल्ला!" म्हणजे, चला!

ड्रायव्हर गर्रकन मागे वळला. "हबीबी! दुबई?"

तिकडे अरब व्यापारी खूप येतात, त्यांच्याकडून उचललेले शब्द. पुढचा सगळा प्रवास मग "यल्ला" आणि "खलास"वर! उतरताना त्यानं सासूबाईंना हात देऊन उतरवलं आणि वाकून म्हणाला, "इन्शाल्ला, मामा!" त्यांच्यात मामा म्हणजे आई.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या, "चीनमध्ये येऊन अरबी आशीर्वाद!"

* * *

सकाळी सकाळी तिथली म्हातारी माणसं चहाच्या मोठ्या हॉटेलात जमतात. चहा, गप्पा, वाफाळत्या बांबूच्या टोपल्या. मला तर ते बघूनच पोट भरल्यासारखं झालं. आणि एक गंमत बघितली. कुणी कपात चहा ओतला की बोलायचं नाही, दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं. झाले आभार!

सासूबाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. मी लगेच सरसावले, "आई, जमेल का? मी धरू?"

"तू बघत राहिलीस की माझी बोटं बिचकतात. तिकडे बघ."

मी तिकडे बघितलं. मागून आवाज आला... टक. बऱ्याच वेळानं... टक.

वाढणारी मुलगी इतकी खूश झाली की तिनं कप पुन्हा भरला. सासूबाईंची पुन्हा टकटक. पुन्हा कप!

"अगं, ही थांबत का नाही? मी थँक्यू म्हणतेय आणि ही ओततेय!"

डॉक्टरांनी दिलेला बोटांचा व्यायाम सहा महिने टाळणारी बाई, चहापायी अर्धा तास करत बसली.

* * *

मी काही खात नाही म्हणून त्याच मुलीला काळजी वाटली. ईरानं फोनमध्ये लिहून भाषांतर दाखवलं, की आई चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही.

मुलगी वाचून धावत आत गेली आणि बशीत गोल, नक्षीदार केक घेऊन आली. कापून, आतला पिवळाधमक गोळा बोटानं दाखवून, आकाशाकडे हात करून मला म्हणते, खा!

"मम्मा, टेक्निकली यू हॅव सीन द मून," ईरा म्हणाली.

यांनी वास घेतला. "चंद्र आहे गं, पण अंड्याचा आहे!"

* * *

दुपारी एक जुनं बुद्धमंदिर. काय स्वच्छता, काय शांतता! दारातच मोठ्या पोटाची, खळखळून हसणारी मूर्ती. सासूबाईंनी डाव्या हातानं उदबत्ती लावली, बराच वेळ निरखून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आपलेच आहेत. सोंड तेवढी घरी ठेवून आलेत."

मीही तिथे नवस पुन्हा सांगितला. म्हटलं, पोचवतील.

* * *

संध्याकाळी हॉटेलकडे परतताना गल्लीत एक छोटं दुकान लागलं. काचेमागे सासूबाईंच्याच वयाची एक बाई पांढऱ्या पाऱ्या हातावर घेऊन कळ्या पाडत होती. वर नाक काढायची आणि टोपलीत ठेवायची. अगदी आपले मोदक! सारण कसलं? दाण्याचं कूट आणि साखर!

सासूबाई काचेला चिकटल्या. "पारी जाड आहे," म्हणाल्या. "पण हात बघ बाईचा! काय हात आहे!"

त्या बाईनं सासूबाईंकडे बघितलं, मग त्यांच्या आखडलेल्या हाताकडे. काचेवरून हात पुढे केला आणि एक पारी सासूबाईंच्या डाव्या तळहातावर ठेवली. मधोमध चमचाभर कूट.

मी पुढे झालेच होते. सकाळचं आठवलं आणि पाठ फिरवली. समोर भिंतीवर मांजर बसलं होतं, त्याच्याकडे बघत अथर्वशीर्ष सुरू केलं.

अथर्वशीर्ष संपलं. दुसऱ्यांदा म्हणायला घेतलं.

"नाक वाकडं झालं," मागून सासूबाई म्हणाल्या. "मेधा, कळ्या मोज."

सात होत्या.

त्या बाईनं तो मोदक वेगळ्या छोट्या टोपलीत, एकटाच वाफेला ठेवला. मग सासूबाईंसमोर फळीवर दोन बोटांनी टकटक केलं.

तुमच्याही घरी कुणाचा हात थांबला असेल तर एवढं करा. बाप्पाला बोला, त्यांच्या तळहातावर एक पारी ठेवा, आणि जरा तिकडे बघा.