कुशाबाच्या हाताचा सामू

पिंपळवंडीच्या कुशाबा लेंडेला कांद्याच्या काढणीत पहिला वाफा कधी सलग पुरा करता आला नाही. पाचेक मिनिटांत हातपाय दगडासारखे व्हायचे. तो बांधावर बसायचा. थोड्या वेळाने उठला की मात्र दिवस मावळेपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीने कांदे उपटायचा. त्यामुळेच त्याच्या दुखण्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

"बसलं की बरा व्हतो, असला कसला रोग रं?" चुलतभाऊ चांगदेव विचारायचा. "आमालाबी लागू दे की!"

काढणी सावडीवर चालायची. सहा घरं पाळीपाळीने एकमेकांच्या वावरात राबायची. मजुरी नाही; माणसाच्या बदल्यात माणूस. २००३ च्या काढणीत चांगदेवने विषय काढला, की पुढच्या साली कुशाबा सावडीत नको. दीड एकर कांदा नवरा-बायकोने काढायचा तर निम्मा जमिनीतच सडला असता.

त्याच आठवड्यात गोण्या उचलल्यावर कुशाबाला कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी झाली. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका संशोधन केंद्राला चिठ्ठी दिली. दिवाळीनंतर बोलावणं आलं. तिथे मोठ्या चुंबकाच्या यंत्रात हात ठेवून स्नायूच्या आतली उष्णता आणि सामू मोजत. सुई नाही, कापाकापी नाही.

"मातीचा काढत्यात, त्योच सामू?" कुशाबाने विचारलं.

"तोच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जोराचं काम केलं की स्नायूत आम्ल वाढतं आणि सामू उतरतो. हा रबरी फुगा दाबत राहा. दुखलं की लगेच थांबा."

दुखलं. तो थांबला नाही. थांबतो, हाच तर त्याच्यावरचा आरोप होता. बोटं फुग्याभोवती आवळून बसली तेव्हा बाईंनीच चाचणी थांबवली.

निरोगी माणसाचा सामू अशा कामात सातवरून साडेसहाकडे येतो. कुशाबाचा सातच्या थोडा वर होता, तो तिथेच राहिला. उष्णता तेवढी किंचित वाढली. स्नायूत साठलेली साखर फोडणारा एक घटक त्याच्यात जन्मापासून नव्हता; साखर फुटली नाही, म्हणून आम्लही झालं नाही. औषध नाही. रोज सुरुवात सावकाश करायची. दहा मिनिटांत रक्तातून इंधन पोचू लागतं, मग जमतं. बाईंनी हे मराठीत लिहून दिलं.

सावडीतला वडीलधारा सावळेराम याने ओट्यावर सगळ्यांसमोर कागद वाचला.

"म्हंजी काम केलं की समद्यांच्या अंगात आम्ल व्हतं, ह्याच्या झालं न्हाई," चांगदेव म्हणाला. "मग ह्यानं काम केलंच न्हाई की! यंत्रानंबी पकडला, राव."

लोक हसले.

"भावजी, त्यो फुगा दाबल्यावर तीन दिस ह्यास्नी घास धरता येत न्हवता," कुशाबाची बायको साळुबाई म्हणाली. "मी भरवलं."

सावळेरामने कागदाची घडी घातली. "करू द्या त्याला दहा मिन्टं हळू. पण त्याचा दिस अर्धा धरायचा; दोन दिस राबला की एक मोजायचा."

"दहा मिन्टापायी अर्धा दिस?" साळुबाईने विचारलं.

"चालंल," कुशाबा म्हणाला. "सावडीतनं काढलं तर न्हाई ना."

पुढच्या काढणीला बाकीच्या प्रत्येक घरातला माणूस दहा दिवस सावडीला गेला. कुशाबा वीस दिवस गेला.