सोहारच्या क्लबातला मान

सोहारच्या कारखान्यातल्या ऑस्ट्रेलियन साहेबांनी त्यांच्या लंबगोल चेंडूच्या, हातानेही झेलायच्या फुटबॉलचा क्लब काढला आणि माणसं कमी पडली म्हणून आम्हा भारतीयांना घेतलं. क्लबात एक रीत होती. ओमान कायमचं सोडणाऱ्याला शेवटच्या सामन्यानंतर खांद्यावर बसवून मैदानाबाहेर न्यायचं.

एका शुक्रवारी माझ्या हातून झेलामागून झेल सुटले, आम्ही सपाटून हरलो, तरी कॅप्टनने मला खांद्यावर उचललं. कारखान्यात तोच माझा मॅनेजर. मी हसत ओरडलो, “अरे, मी कुठे चाललोय?”

कुणी हसलं नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. माझी नोकरी गेल्याचं अख्ख्या टीमला ठाऊक होतं. तरी हरामखोरांनी मला आधी पूर्ण सामना खेळवला, कारण एक माणूस कमी पडत होता.