सिस्टरांचं वजन

"आधी शून्य," असं म्हणून सिस्टर काट्याच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायच्या.

आरोग्य केंद्रात लहान मुलांचं वजन होताना तुम्ही कधी पाहिलं असेल, तर तो गोल तबकडीचा काटा तुम्हाला आठवत असेल. छपराच्या वाशाला नाहीतर झाडाच्या फांदीला तो टांगायचा, खालच्या हुकाला कापडाची झोळी अडकवायची आणि झोळीत मूल ठेवायचं. रिकाम्या झोळीलाही वजन असतं. ती अडकवली की काटा पुढे सरकतो. तो मागे शून्यावर आणल्याशिवाय सिस्टर एकाही मुलाला झोळीत ठेवू देत नसत. रांग कितीही मोठी असो, मुलं कितीही रडत असोत.

मी तलासरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीवर होतो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. मी पंचविशीचा, नोकरीत नवा. सिस्टर पंचेचाळिशीच्या. त्या डहाणू रोडला राहायच्या, यजमान रेल्वेत सिग्नलच्या कामावर. सकाळची एसटी पकडून त्या निघायच्या. आशागड मागे पडलं की गाडी हायवेला लागायची, आणि फाट्यावर उतरलं की केंद्रापर्यंत दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता. त्या रस्त्याने सिस्टर चालत येत नसत. त्यांचे गुडघे दुखायचे. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून त्या केंद्राच्या जीपची वाट बघायच्या.

अंगाने त्या खूप भरलेल्या होत्या. लग्नात आपण किती बारीक होतो ते त्या स्वतःच सांगायच्या, आणि चाळिशी उलटल्यावर दर वर्षी ब्लाउजची शिवण कशी उसवत गेली तेही. त्यांचा डबा तीन पुडांचा. भात, सुक्या बोंबलांचं कालवण, वर एखादी भाजी. त्यातलं अर्धं त्या आम्हालाच वाढायच्या. "मी जेवते म्हणून तुम्हाला मिळतं," असं म्हणायच्या आणि हसायच्या. त्या हसण्यात तेव्हा काही लपलेलं नव्हतं.

त्यांचं खरं काम पाड्यांवर होतं. आठवड्यातून दोन दिवस जीप आम्हाला एखाद्या पाड्याजवळ सोडायची. मी औषधांची पेटी आणि वजनाची कार्डं घेऊन मागे, सिस्टर काटा पिशवीत घालून पुढे. मुलांची वजनं इतकी कमी असायची, की सुरुवातीला मला काटाच बिघडलाय असं वाटायचं.

अशाच एका पाड्यावर सुकरी नावाची दीड वर्षाची मुलगी होती. तिच्या आईला सिस्टर नेहमीप्रमाणे समजावत होत्या. डाळ द्या, भाजी द्या, जमेल तेव्हा अंडं द्या, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवा. आई खाली मान घालून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने मान वर केली, सिस्टरांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी काय खाता, बाई? तेच देईन पोरीला."

तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण रांगेतल्या दोन-तीन बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मीही कार्डात डोकं घालून हसू दाबलं. सिस्टरांनी ते पाहिलं. पुढच्या मुलासाठी त्यांनी हात पुढे केले.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

नंतरच्या सोमवारी त्यांच्या पर्समध्ये एक कात्रण दिसलं. शेजारच्या बेननी दिलेलं, कुठल्याशा गुजराती मासिकातलं. सिस्टरांचं माहेर उंबरगावकडचं, त्यामुळे गुजराती त्यांना मराठीइतकंच सोपं. कात्रणात वजन झटपट उतरवायचा उपाय होता. सकाळी गरम पाण्यात लिंबू, दुपारी उकडलेला कोबी मिठाशिवाय, संध्याकाळी दुधीचा रस. भात, पोळी, मासे, चिकू, सगळं बंद. हे पंधरा दिवस करायचं होतं. सिस्टरांनी ते सोडलंच नाही.

वजन उतरलं. पहिल्या आठवड्यात चार किलो, तीन आठवड्यांत आठ. केंद्रात मोठ्या माणसांचा काटा होता, त्यावर त्या रोज सकाळी चपला काढून उभ्या राहायच्या. आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मी तर म्हणालो, "सिस्टर, दहा वर्षांनी लहान दिसताय." त्यांना ते आवडलं. आज तो दिवस आठवला की वाटतं, निदान मी तरी असं बोलायला नको होतं. औषधं देणारा माणूस मी. त्यांचे ओठ फुटलेले, कंगव्यात अडकून येणारे केस, बाकावरून उठताना खिडकीचा गज धरणं, हे सगळं माझ्या समोर घडत होतं.

स्वभावही बदलला. ज्या बाईने कधी कुणा आईला आवाज चढवून काही म्हटलं नव्हतं, ती आता एखादं कार्ड फाटलेलं दिसलं तरी खेकसायची. बायका बिचकू लागल्या. एकदा डॉक्टरांनी त्यांना बोलावून रक्तदाब तपासला आणि हे असलं उपाशी राहणं थांबवा म्हणून बजावलं. सिस्टर हो म्हणाल्या आणि दुपारी पुन्हा कोबीच खाल्ला.

चौथ्या आठवड्यात आम्ही पुन्हा सुकरीच्या पाड्यावर गेलो. जीप नादुरुस्त होती म्हणून एका ट्रॅक्टरने अर्ध्या वाटेवर सोडलं, उरलेलं चालावं लागलं. भातकापणी संपत आली होती, ऊन बरंच होतं. सिस्टरांनी चिंचेच्या फांदीला काटा टांगला, झोळी अडकवली आणि पहिल्या मुलाला उचललं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. सहा-सात मुलं झाली. सुकरीचं वजन त्यांनी सात किलो सांगितलं. मागच्या वेळेपेक्षा थोडं वाढलेलं. मी सुकरीकडे पाहिलं. तिच्या दंडाची कातडी सैल लोंबत होती. हे कसं काय वाढलं, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण सिस्टर सकाळपासून चिडलेल्या होत्या, आणि मला बोलणी खायची नव्हती. मी सात लिहिलं.

काम संपवून आम्ही शेताच्या बांधावरून निघालो. पन्नास पावलं गेलो असू. सिस्टर थांबल्या, त्यांनी हात पुढे केला, जणू भिंतीला टेकायचं होतं, आणि तशाच बाजूच्या कापलेल्या शेतात कोसळल्या.

मी हाका मारल्या. बायका धावत आल्या. चौघींनी मिळून त्यांना उचललं आणि सगळ्यांत जवळच्या झोपडीत नेलं. ती सुकरीचीच झोपडी निघाली. पाणी मारल्यावर सिस्टरांनी डोळे उघडले, पण बसता येईना. सुकरीच्या आईने मला विचारलं, बाईंनी सकाळपासून काय खाल्लंय. मी म्हणालो, काही नाही. तिने पुन्हा विचारलं, कारण तिला ते खरं वाटलं नाही. मग ती उठली, चुलीवरच्या मडक्यातली नागलीची आंबील तिने वाडग्यात ओतली, त्यात मिठाचा खडा टाकला आणि सिस्टरांच्या तोंडाला लावली.

सिस्टर पहिल्यांदा नको म्हणाल्या. मग प्यायल्या. वाडगा आईनेच धरला होता. एक वाडगा संपला, तिने दुसरा दिला. समोर सुकरी बसली होती. ती रडत नव्हती, मागत नव्हती. वाडगा वर गेला की तिची नजर वर जायची, खाली आला की खाली. सिस्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि त्यांनी वाडगा बाजूला सारला. मडक्यात वाकून पाहिलं. तळाला थोडंसंच उरलं होतं.

त्यांनी सुकरीचा दंड चिमटीत धरून पाहिला. मग मला म्हणाल्या, "भाऊ, मी आज काटा शून्यावर आणला होता का?"

मी आठवून पाहिलं. टकटक ऐकल्याचं मला आठवेना. "नाही आणलात, सिस्टर."

"लावा परत."

मी झोपडीच्या आढ्याला काटा टांगला. सिस्टर भिंतीला धरून उभ्या राहिल्या, रिकाम्या झोळीसकट काटा त्यांनी शून्यावर आणला आणि सुकरीला आत ठेवलं. सहा किलो, चारशे ग्रॅम. मुलगी वाढली नव्हती, घटली होती. कार्डावरच्या दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्यापेक्षाही कमी भरली. जाड झोळीचं वजन त्या दिवशी सगळ्याच मुलांच्या अंगावर चढलं होतं आणि मी ते शाईने लिहून काढलं होतं.

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून कार्ड घेतलं, सातवर रेघ मारली, खाली खरा आकडा लिहिला आणि सही केली. मग आईसमोर बसून तिला सांगितलं, "चूक माझी झाली, पोरीला आजच केंद्रात न्यायला हवं." आई लगेच तयार झाली. ट्रॅक्टरवाला परत येईपर्यंत सिस्टर सुकरीला मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पाड्यावर गेल्या आणि उरलेल्या सगळ्या मुलांची वजनं त्यांनी नव्याने घेतली. डॉक्टर सुट्टी घ्या म्हणत होते, तरी गेल्या. जाताना मात्र त्यांनी माझ्यासमोर एक भाकरी आणि वरण खाल्लं.

सुकरी आणि तिची आई केंद्रात महिनाभर राहिल्या. उपाशी मुलाला एकदम पोटभर देऊन चालत नाही, हे सिस्टर आम्हाला नेहमी शिकवायच्या. दर दोन तासांनी चार चमचे, मग सहा, मग वाटीभर. ते सगळं त्या स्वतः करायच्या. एक दिवस मी औषध द्यायला गेलो, तेव्हा डॉक्टर त्यांच्याशी बोलत होते. डॉक्टर फार बोलणारा माणूस नव्हता. म्हणाले, "या पोरीचं वजन महिन्यात अर्धा किलो वाढलं तर तुम्ही खूश व्हाल ना? शरीराची चाल तेवढीच असते, सिस्टर. चढताना आणि उतरतानाही. तुमचं काय निराळं आहे?"

संध्याकाळी सिस्टर मला म्हणाल्या, "त्या बाईने विचारलं तेव्हा मला माझी लाज वाटली, भाऊ. वाटलं, निदान हिच्यासमोर उभी राहताना इतकी भरलेली दिसू नये. आणि शेवटी तिच्याच घरातलं पिऊन आले."

कात्रण कुठे गेलं मला माहीत नाही. उतरलेले आठ किलो दोन महिन्यांत परत आले, वर एक जास्त. त्या महिन्यांत त्यांचा चेहरा बघवत नसे. पण त्यांनी पुन्हा कोबी उकडला नाही. डबा तीन पुडांचा होता, तो दोन पुडांचा झाला. भात कमी, भाजी जास्त, मासे तळण्याऐवजी कालवणात. आणि त्या फाट्यावरून चालू लागल्या. सुरुवातीला दोनशे पावलांवरच्या मोरीपर्यंत चालायच्या, तिथे बसायच्या, जीप आली की चढायच्या. पावसाळ्यानंतर त्या अर्ध्या वाटेवरच्या आंब्याच्या झाडापर्यंत येऊ लागल्या. पूर्ण रस्ता त्या पहिल्यांदा चालून आल्या तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. घामाने निथळत होत्या. माझ्या खिडकीशी उभं राहून त्यांनी पाणी मागितलं.

मोठ्या काट्यावर त्या आता महिन्यातून एकदाच उभ्या राहायच्या. कधी अर्धा किलो कमी, कधी काहीच नाही, गणपती-दिवाळीत जास्तही. तीन वर्षांत दहा-अकरा किलो उतरले असतील. बारीक त्या कधीच झाल्या नाहीत. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण जिना चढता येऊ लागला. कुणी दहा वर्षांनी लहान दिसता म्हटलं नाही. इतकं हळूहळू झालं की आमच्या लक्षातच आलं नाही.

पाड्यावरच्या बायकांशी बोलणंही बदललं. काय खायला घाला हे सांगण्याआधी त्या विचारायच्या, काल चुलीवर काय होतं. जे असेल त्यातूनच पुढचं सांगायच्या. सुकरीची आई रांगेत आली की दोघी थोडा वेळ बाजूला बसायच्या. काय बोलायच्या, मी कधी विचारलं नाही.

नव्वदनंतर काही वर्षांनी सिस्टरांची बदली समुद्राकडच्या एका केंद्रात झाली. डहाणूला गेलो की कधी कधी सकाळी त्या किनाऱ्यावर चालताना दिसायच्या. यजमान भराभर पुढे जायचे, थांबायचे, मागे वळून बघायचे. सिस्टर आपल्या चालीने येत राहायच्या.

त्या गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. तिथल्या पाड्यांवर फिरताना ताप आला, अंगावर काढला, मलेरिया मेंदूत गेला. वजनाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी डहाणूला जाऊन यजमानांना भेटलो. चहा घेऊन मी परतीची एसटी पकडली.

फाट्यावर उतरलो तेव्हा दुपार कलली होती. कच्च्या रस्त्याने पाड्यावरच्या पाच-सहा बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन समोरून येत होत्या. सुकरीची आई त्यांच्यात होती. मला पाहून त्या थांबल्या, आणि कुठे गेला होता, भाऊ, असं तिने विचारलं. मी सिस्टर गेल्याचं सांगितलं.

तिने दोन्ही हात वर नेले, भारा डोक्यावरून उतरवला आणि रस्त्याच्या कडेला ठेवला. मग बाकीच्यांनीही आपापले भारे उतरवले. त्या तिथेच गवतावर टेकल्या. हायवेवरून ट्रक जात होते. मीही त्यांच्याजवळ बसलो. ऊन उतरेपर्यंत आमच्यातलं कुणी उठलं नाही.